मीटिंग पाचला, शेवटची एसटी साडेपाचला

मागच्या अंकात आपण म्हणलो होतो की कॉलेजात नाहीतर विद्यापीठात आस्थापनेचं टेबल सांभाळणारे, म्हणजे ज्यांना आता नव्या पाटीवर एचआर म्हणायलेत, त्यांनी आपले प्रश्न पाठवावेत. पत्रं लै आली. निम्म्या पत्रांत एकच रडगाणं, की नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून दर्जा देणारी संस्था, येणार म्हणलं की 'समावेशक धोरण' तयार करा असं फर्मान सुटतं आणि कमिटी गेली की फाइल कपाटात. नाव-गाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून फक्त जिल्हा ठेवलाय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी अनुदानित सीनियर कॉलेजात हेडक्लार्क आहे. जूनपासून संस्थेनं मला तिन्ही कॉलेजांचा 'एचआर समन्वयक' केलंय, पगार तोच आणि खुर्चीपण तीच. आता प्राचार्य म्हणतात लीडरशिप दाखवा, सगळ्यांना सामावून घेणारं धोरण करा. पण निर्णय होतात केबिनमध्ये, मीटिंगमध्ये ठरलेले पाच-सात जणच बोलतात, मॅडम लोक गप्प, शिक्षकेतर गप्प, सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासावर शिकवणाऱ्यांना, तर बोलावणंच नाही. माझ्या हातात आहे तरी काय? — लातूर जिल्हा

उत्तर : लै काही आहे, फक्त ते अधिकारासारखं दिसत नाही म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. बघा, मीटिंगची नोटीस कोण काढतं, तुम्ही. प्रोसिडिंग बुकात काय लिहायचं, समित्यांच्या ऑर्डरी कोणाच्या टेबलावरून टाइप होऊन सहीला जातात, सेवापुस्तक कोणाच्या कपाटात आहे, सगळं तुमच्याकडंच. प्राचार्य बदलतात, संचालक मंडळ बदलतं, आस्थापनेचं टेबल तिथंच राहतं.

धोरणाचा कागद सगळ्यात शेवटी लिहा. तो नेटवर दहा मिनिटात मिळतो, सगळ्या कॉलेजांचा सारखाच असतो, घाईघाईत कधी कधी त्यात शेजारच्या कॉलेजचं नावसुद्धा तसंच राहून जातं आणि ते नॅकच्या कमिटीलाच पहिल्यांदा दिसतं. त्याऐवजी यावर्षीच्या समित्यांच्या सगळ्या ऑर्डरी काढा आणि एका शीटवर उभी नावं, आडव्या समित्या असं मांडा. माझा अंदाज सांगते, खरेदी, परीक्षा, प्रवेश, बांधकाम या समित्यांत तीच तीच सहा-सात नावं फिरत असतील, आणि मॅडम लोकांची नावं स्वागत, सांस्कृतिक, रांगोळी, हळदीकुंकू याच्यात. लॅब अटेंडंट, शिपाई मामा, मावशी यांची नावं कशातच नसतील. हे शीट प्राचार्यांना एकट्यात दाखवा, भाषण करू नका, नुसतं विचारा की सर पुढच्या वर्षी खरेदी समितीत कोण कोण घ्यायचं. चार जणांसमोर दाखवलं तर त्यांना ते आपल्यावरच बोट ठेवल्यासारखं वाटणार आणि मंग ते शीट परत कधी निघणार नाही.

मीटिंगची वेळ बघा. तालुक्याच्या कॉलेजात निम्मा स्टाफ जिल्ह्याच्या गावाहून अप-डाउन करतो, शेवटची सोयीची एसटी साडेपाचची असते आणि आपण स्टाफ मीटिंग पाचला ठेवतो. मंग ज्यांच्याकडं स्वतःची गाडी आहे ते बसतात, बोलतात, निर्णय करतात, आणि ज्यांना बस गाठायची, घरी लेकरं वाट बघायलेत, ते घड्याळाकडं बघत मान डोलवतात. उद्या आपणच म्हणणार की मॅडम लोक मीटिंगमध्ये इंटरेस्ट घेत नाहीत. अडीचला ठेवा मीटिंग, एखादा तास कमी झाला तर नंतर भरून काढता येतो. अजेंडा दोन दिवस आधी ग्रुपवर टाका म्हणजे नव्या माणसाला तयारी करता येते, आणि बोलायला सुरुवात सगळ्यात ज्युनियर माणसापासून करा, कारण एकदा मोठे सर बोलले की खालचं कोणीच वेगळं बोलत नाही. प्रोसिडिंगमध्ये 'चर्चा झाली व सर्वानुमते ठरले' एवढंच लिहायची सवय सोडा, सूचना कोणी मांडली त्याचं नाव लिहा. एकदा ग्रंथालय परिचराचं नाव प्रोसिडिंगमध्ये आलं की पुढच्या वेळी तो दोन वाक्यं जास्त बोलतो.

आणि महाविद्यालय विकास समिती, आपली सीडीसी. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ९७ आहे, त्यात निवडून आलेले तीन शिक्षक पाहिजेत, त्यात एक तरी महिला पाहिजे, एक शिक्षकेतर कर्मचारी पाहिजे, तोपण त्यांच्यातून निवडून आलेला, आणि वर्षात चार तरी बैठका व्हायला पाहिजेत. आपल्याकडं निवडून येणे म्हणजे प्राचार्यांनी नाव सुचवणे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवणे. तुम्ही साधी निवडणुकीची नोटीस काढा, उमेदवारीचे अर्ज घ्या, दोन नावं आली तर चिठ्ठ्या टाकून मतदान घ्या. कायद्याचं कलम नोटिशीत लिहिलं की प्राचार्यांनापण नाही म्हणायला जागा राहत नाही आणि तुमच्यावरपण येत नाही.

सीएचबीवाल्यांना बोलवायला तर कोणाची परवानगीसुद्धा लागत नाही, नोटीस त्यांच्यापण ग्रुपवर टाका म्हणजे झालं. अर्धं कॉलेज तेच शिकवायलेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजात विभागप्रमुखांची मीटिंग कायम शुक्रवारी दीडला असते. दोन मुस्लिम सर दर वेळी उशिरा येतात, म्हणून त्यांना मेमो द्या असं वरून आलंय. — परभणी

उत्तर : मेमो देऊ नका, मीटिंग गुरुवारी घ्या. जुम्म्याची नमाज दुपारचीच असते हे आपल्या भागात लहान लेकरालापण माहीत आहे. एवढ्यासाठी पॉलिसी, समिती, ठराव काही लागत नाही, नोटिशीतला वार बदलायचा. पुढच्या वर्षीचं मीटिंगचं वेळापत्रक करताना रमजान कधी आहे, सहा डिसेंबर कोणत्या वारी येतो, चौदा एप्रिलच्या आसपास परीक्षेची ड्युटी कोणाकोणाला लागायली, हे कॅलेंडर समोर ठेवून बघा.

प्रश्न : मी आस्थापना लिपिक आहे. आमच्या एका विभागाचे प्रमुख रिटायर झाले. ज्येष्ठतेनं पुढचं नाव ज्या सरांचं, ते एससीच्या बिंदूवर, म्हणजे राखीव जागेवर, लागलेले. त्यांना सोडून त्यांच्यापेक्षा आठ वर्षं ज्युनियर सरांना 'प्रभारी' चार्ज दिला. कारण फाइलवर काहीच नाही. स्टाफरूममध्ये काही लोक त्यांना मागून 'रोस्टरवाले' म्हणतात. मला हे पटत नाही पण मी ज्या समाजातला आहे तेच लोक वर बसलेत, बोललो तर आपलेच तुटतील. — नांदेड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण शेवटचं वाक्य खरं लिहिलंय तुम्ही आणि ते कोणी सहसा लिहीत नाही.

आधी फाइलचं बोलू. तुमच्याकडं सेवाज्येष्ठता यादी दर वर्षी निघते का? एक जानेवारीची स्थिती दाखवणारी यादी काढायची, नोटीस बोर्डावर लावायची, हरकती मागवायच्या आणि मंग अंतिम करायची, ही साधी पद्धत आहे आणि कितीतरी संस्थांत ती वर्षानुवर्षं होतच नाही. यादीच नाही म्हणलं की ज्येष्ठ कोण हे केबिनमध्ये ठरतं. तुम्ही यादी काढा, सगळ्या विभागांची काढा, म्हणजे एका माणसासाठी काढली असं कोणी म्हणणार नाही. बोर्डावरच्या यादीत प्रवर्गाचा रकाना ठेवू नका, त्याची जागा बिंदुनामावलीच्या, म्हणजे रोस्टरच्या, रजिस्टरमध्ये.

मंग चार्जची फाइल परत तुमच्याकडं येईल, कारण 'प्रभारी'ची मुदत कधी ना कधी वाढवायची वेळ येते. त्यावेळी टिपणीत एकच ओळ लिहायची, की ज्येष्ठतेनुसार अमुक हे पात्र आहेत, त्यांना वगळायचे असल्यास कारण नमूद व्हावे ही विनंती. तुम्ही कोणाची बाजू घेतली नाही, कोणाला चूक म्हणलं नाही, फक्त कारण मागितलं. या एका ओळीवर फायली मागं फिरलेल्या मी बघितल्यात, कारण जे तोंडी सांगायला सोपं असतं ते सहीनिशी लिहायला कोणी धजत नाही. सोबत तुमच्या विद्यापीठाच्या परिनियमात विभागप्रमुखाबद्दल जे लिहिलंय त्याची झेरॉक्स लावा.

'रोस्टरवाले'चं मात्र फाइलवर भागत नाही. त्या सरांची सेट-नेट झाली, निवड समितीसमोर मुलाखत झाली, विद्यापीठाची मान्यता आली, मंजूर पदावर लागले, मंग ते कोणाच्या मेहेरबानीनं आलेत? आणि आपण मराठवाड्यात बसलोत हे विसरून कसं चालंल. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ला झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या वर्षांत काय काय झालं ते इथल्या गावागावाला माहीत आहे, तुमच्या त्या सरांच्या घरालापण माहीत असणार. त्यामुळं हा शब्द इथं चेष्टेत खपत नाही. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे हे प्राचार्यांच्या सहीनं एकदा सगळ्या स्टाफला कळवायला हरकत नाही, पण त्याच्या आधी तुम्ही स्वतः स्टाफरूममध्ये एवढंच म्हणा की सरांचं नाव आहे, नावानं बोला. तुमच्याच समाजातला माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला वजन येतं, त्या सरांनी स्वतः म्हणलं तर भांडण म्हणतात.

आपले लोक तुटतील का? काही जण तुटतील, खोटं कशाला सांगू. चहाला बोलवणार नाहीत काही दिवस. पण फाइल नियमानं चालवणारा क्लार्क सगळ्यांनाच लागतो, ज्यांची पेन्शनची कागदं तुमच्याकडंच यायचीत त्यांना तर जास्तच. आणि हां, जात पडताळणीची प्रमाणपत्रं टेबलावर उघडी पडलेली असतील तर आजच कुलपात घाला, येणारा-जाणारा वाचत बसतो.

प्रश्न : सीएचबीवर शिकवणाऱ्या एका मॅडम गरोदर आहेत. त्यांच्याकडून 'वैयक्तिक कारणास्तव काम थांबवत आहे' असं पत्र घे आणि जागा दुसऱ्याला दे असं मला सांगितलंय. — बीड

उत्तर : ते पत्र घेऊ नका. आपण डिक्टेट करायचं आणि तिनं सही करायची, मंग आपणच म्हणायचं की ती स्वतःहून गेली, हा प्रकार मला माहीत आहे आणि तो पकडलापण जातो, कारण असल्या सगळ्या पत्रांची भाषा सारखीच असते.

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ला दुरुस्ती होऊन दोनपेक्षा कमी हयात लेकरं असणाऱ्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, त्याला अट अशी की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पाहिजे, आणि या रजेच्या काळात बाईला कामावरून काढता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हे हक्क तिथंपण आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका कंत्राटी डॉक्टर मॅडमच्या केसमध्ये सांगितलं की कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी मातृत्वाचा लाभ पूर्ण मिळाला पाहिजे. आता आपल्याकडं सीएचबी म्हणलं की 'बसत नाही' असं तोंडी सांगून मोकळे होतात. तुम्ही मॅडमची नेमणूक ऑर्डर, भरलेल्या तासांचं रजिस्टर, हजेरीचे दिवस एकत्र करा, या निकालाची प्रत लावा आणि संस्थेच्या वकिलांचं लेखी मत मागवा. मत येईपर्यंत जागा रिकामी दाखवू नका, त्यांचे तास बाकीच्यांत तात्पुरते वाटून द्या आणि वाटपाच्या ऑर्डरमध्ये 'तात्पुरते' हा शब्द घाला. पुढच्या सत्राच्या यादीत नाव कायम ठेवा.

मुलाखतीतपण 'लग्न झालं का', 'मिस्टर कुठं असतात', 'पाळणा कधी' हे प्रश्न बंद करा. पुरुष उमेदवाराला कधी विचारलंय का कोणी? सगळ्या उमेदवारांना तेच पाच प्रश्न, आधी छापून पॅनेलसमोर ठेवायचे, मार्क समोरच्या समोर लिहायचे.

प्रश्न : महिला दिनाला आम्ही हळदीकुंकू आणि साडी ड्रेसकोड ठेवतो, सगळ्या खूश असतात, तरी नवीन एचआर मॅडमनी हरकत घेतली. — जालना

उत्तर : सगळ्या खूश असतात हे कोणी मोजलं? तुमच्याकडं विधवा कर्मचारी असतील, मुस्लिम, ख्रिश्चन मॅडम असतील, एकट्या राहणाऱ्या असतील, त्या दिवशी त्या रजा टाकतात का ते मस्टर काढून बघा. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडसारख्या गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि शासनानं तो बाकीच्या ग्रामपंचायतींसमोर ठेवला, आणि आपण कॉलेजात नोटीस काढून हळदीकुंकू करायलोत! ज्यांना करायचं त्यांनी घरी करावं. कॉलेजच्या पैशातून करायचंच असेल तर मावशींसाठी बसायची खोली आणि दाराला आतून कडी लागणारं स्वच्छतागृह करा.

प्रश्न : मी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात एचआर मॅनेजर आहे. आमच्याकडं लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी विशाखा समिती आहे, बोर्डही लावलाय, पाच वर्षांत एकही तक्रार नाही. तरी ऑडिटवाल्यांनी शेरा मारला. काय चुकलं? — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असं नसतं, बऱ्याचदा समितीवर कोणाचा भरवसा नाही एवढाच त्याचा अर्थ. बोर्डावरची नावं वाचा बरं. मी बघितलेल्या कितीतरी बोर्डांवर बदली होऊन गेलेल्या मॅडम अध्यक्ष असतात, फोन नंबर बंद असतो, आणि बाहेरची सदस्य म्हणून संस्थाचालकांच्या घरातलीच कोणीतरी. मंग तक्रार घेऊन जाणार कोणाकडं?

१९९७च्या विशाखा निकालावरून लोक अजून विशाखा समिती म्हणतात, पण आता २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत समिती पाहिजे, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरची सदस्य खरोखर बाहेरची आणि या विषयात काम केलेली, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. शिवाय कॉलेजांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५चे नियम आहेत, त्यात कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख असल्या प्रशासकीय पदांवरच्या लोकांना समितीत घ्यायचं नाही असं स्पष्ट आहे, विद्यार्थ्यांचा विषय असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीपण पाहिजेत. तुमच्या शेऱ्याचं कारण बहुतेक इथंच असणार. समितीच केली नाही तर कायद्यात ५० हजारांपर्यंत दंड आहे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, समितीला वाटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात, चौकशी ९० दिवसांत. हे मराठीत, मोठ्या अक्षरात, लेडीज रूमच्या आत लावा, प्राचार्यांच्या केबिनबाहेर नको, तिथं उभं राहून वाचायची कोणाची हिंमत आहे. तक्रार खुद्द मालकावर, म्हणजे संस्थाचालकावरच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं हेपण त्याच कागदावर लिहा. हे लिहिताना तुम्हाला वरून फोन येईल, येऊ द्या, कायद्यात आहे तेच लिहिलंय म्हणून सांगा. आणि कंत्राटी सफाई कामगार, मेसवाल्या बाया, सिक्युरिटीच्या मुली, या सगळ्यांना हा कायदा लागू आहे, त्यांची माहितीसभा वेगळी घ्या, प्राध्यापक मंडळींसमोर त्या एक शब्द बोलणार नाहीत. आणि तक्रार आली की तक्रारदार बाईलाच दुसऱ्या विभागात हलवायचं, ही जी आपली जुनी खोड आहे, ती तेवढी करू नका.

प्रश्न : आमच्या केमिस्ट्रीच्या लॅब अटेंडंटचा मोटरसायकलवर ॲक्सिडेंट झाला, एक पाय गुडघ्याखाली गेला. लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्राचार्य म्हणतात आता त्याला मेडिकलवर घरी बसवा. कॉलेज अनुदानित आहे. — हिंगोली

उत्तर : घरी बसवता येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० आहे, त्यात नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढायचं नाही, हुद्दा कमी करायचा नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या कामावर घ्यायचं, आणि तसं पद मोकळं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादाच्या, पदावर ठेवायचं. शासनाचं अनुदान घेणारी संस्थापण यात येते, त्यामुळं 'आम्ही खासगी संस्था' हे चालणार नाही.

करायचं काय, तर त्याच्याकडून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरून घ्या, जिल्हा रुग्णालयात सोबत एखाद्या शिपायाला पाठवा. तळमजल्यावर काय काय काम आहे बघा, आवक-जावक आहे, ग्रंथालयाचं काउंटर आहे, परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचा हिशोब आहे. पण ऑर्डर काढायच्या आधी त्याला घरी जाऊन विचारा की यातलं काय जमंल, काय आवडंल. सायन्सच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला केमिकलचं स्टॉक रजिस्टर आपल्यापेक्षा जास्त कळतं, ते खाली आणून देता येतं का ते बघा. रॅम्प असेल तर त्याच्यासमोरच्या मोटरसायकली हटवा, आपल्याकडं नॅकच्या फोटोपुरताच तो मोकळा असतो. उतार एकास बारा पाहिजे, त्याच्यापेक्षा उभा असेल तर कुबड्या घेऊन चढताना माणूस मागं पडतो.

बदलीच्या ऑर्डरमध्ये 'त्याच वेतनश्रेणीत व सेवाज्येष्ठता कायम ठेवून' हे शब्द न विसरता घाला, नाहीतर पुढं सहसंचालक कार्यालयातून पगार अडतो. ज्या दिवशी तो हजर होईल त्या दिवशीच सेवापुस्तकात नोंद घ्या आणि खाली त्याची सही घ्या.